असू शकेल

आमच्या साहेबांसमोर 'रक्त' म्हणायची सोय नव्हती. 'लाल डाग' म्हणायचं. पोलिस खुनाच्या, मारामारीच्या जागेवरून कपडे, सुऱ्या, माती असलं काय काय लाखेचे शिक्के मारून आमच्या सरकारी प्रयोगशाळेत आणत, आणि त्यावर काय आहे ते साहेब तपासून सांगत. मी तिथं अटेंडर होतो. बाटल्या धुवायच्या, सशांना पाला घालायचा, चहा आणायचा. शाळा माझी चौथीत सुटली. तिच्यावाचून माझं काही अडलं नाही.

साहेबांना मी इथं अहो-जाहो लिहिणार आहे. ते माझ्या आईनं लावलेलं वळण आहे. साहेबांची लायकी म्हणून नव्हे.

एकदा एका पोलिसाचं बोट आमच्याच टेबलावर फुटक्या काचेनं कापलं. तो ओरडला, "साहेब, रक्त!" साहेबांनी मान वर केली. "कुणी सांगितलं?" म्हणाले. पोलिस बोट धरून नाचतोय, थेंब फरशीवर पडताहेत, आणि साहेबांनी शांतपणे गोल पांढरा कागद घेऊन त्याच्या बोटाला लावला. त्यावर दोन बाटल्यांतलं औषध थेंब थेंब टाकलं. कागद निळा झाला. तीच त्या वेळची रक्ताची पहिली परीक्षा. निळं झालं की समजायचं. पण साहेब एवढ्यानं कुठले समजायला! कागद उजेडाकडं धरून म्हणाले, "असू शकेल." मग बोटाला पट्टी बांधायची परवानगी मिळाली.

हे 'असू शकेल' आमच्याकडं बारा महिने चाले. चहात साखर आहे का विचारलं तर एक घोट घेऊन "असू शकेल." साहेबांच्या शर्टावर दोसेवाल्याची लाल चटणी सांडली, मी म्हटलं, "साहेब, चटणी." तर म्हणाले, "तांबूस डाग."

साहेब बेळगावकडचे. राज्यं नवीन झाली तेव्हा बदलीवर इकडं आले. मराठी बोलणारा अटेंडर मिळाला म्हणून आधी खूश झाले, मग माझं मराठी ऐकून कपाळाला हात लावला. आम्ही बेंगळूरचे मराठे. पूर्वज कुठल्या फौजेबरोबर आले ते आम्हालाच धड माहीत नाही, पण घरात मराठी टिकवली. मी म्हटलं, "साहेब, स्वल्प थांबा, बाटली ओली आहे." तर म्हणाले, "हे कुठलं मराठी रे?"

"इथलं," मी म्हटलं.

"बरं की," म्हणाले, आणि थांबले. एवढं मात्र होतं. दिलेलं उत्तर बरोबर असलं की वाद घालत नसत.

दुसरी खोड नावांची. साहेब कुणाचंही नाव घेत नसत. मी 'अटेंडर', टाइप करणारा 'टायपिस्ट', घरच्या बाईसाहेब 'घरी'. पोलिसांचं गाठोडं आलं की सोबतच्या कागदावर आरोपीचं नाव, मेलेल्याचं नाव असायचं. साहेब डोळे मिटून उभे राहत आणि मला किंवा टायपिस्टला त्या नावांवर डिंकाची पट्टी चिकटवायला लावत. वर फक्त नंबर. "नाव वाचलं की डोळा बिघडतो," म्हणत. "रामाचा शर्ट म्हटलं की रामाचा चेहरा दिसतो. मला शर्ट बघायचाय." आता म्हणे परदेशात मोठमोठ्या लोकांनी हेच म्हणायला सुरुवात केली आहे. माझा नातू सांगत होता. म्हणू देत.

या सवयीपायी टायपिस्टच्या लग्नात काय झालं! त्यानं पत्रिका टेबलावर ठेवली. साहेबांनी सवयीनं डोळे अर्धवट मिटून स्वतःच्याच हातानं नवरा-नवरीच्या नावांवर पट्टी लावून टाकली. लग्नाच्या दिवशी साहेब चामराजपेठेत गेले, तिथं एका रस्त्यावर दोन छत्रं, म्हणजे लग्नाची कार्यालयं, दोन्हींत लग्न. साहेब शिरले चुकीच्या छत्रात. पंगतीला बसले, मज्जिगे हुळी, म्हणजे कोहळ्याची ताकातली आमटी, दोनदा मागून घेतली, अनोळखी नवऱ्याच्या हातात स्टीलचा डबा ठेवला आणि सायकलवर बसून परत आले. टायपिस्ट रुसला. साहेब म्हणाले, "अरे, लग्न तर लागलं की. मी बघितलं."

आम्ही हसलो. मीही हसलो. त्या वेळी हसण्यासारखंच होतं.

तिसरी खोड सगळ्यांत वाईट. 'विचारलं तेवढंच.' कोर्टात जाऊन साक्षी देऊन देऊन हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. रस्त्यात कुणी विचारावं, "घड्याळ आहे का हो?" साहेब म्हणणार, "आहे," आणि पुढं चालू लागणार. तो माणूस बघतच राहायचा. मी एकदा म्हटलं, "साहेब, त्याला वेळ पाहिजे होती."

"मग वेळ विचारायची."

"त्याला काय पाहिजे ते तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. पण मला कळलेलं सांगायचं नसतं. विचारलेलं सांगायचं असतं."

सायकलीवर बसताना पँटला लावायची लोखंडी क्लिप त्यांच्या पायाला दिवसभर तशीच असायची, कोर्टातही. वकील त्या क्लिपकडं बघून हसायचे आणि साहेबांना प्रश्न विचारताना जपून विचारायचे. साहेबांच्या तोंडून जास्तीचा शब्द कुणी काढू शकत नसे, ना सरकारी वकील, ना आरोपीचा. त्याबद्दल त्यांचं मोठं नाव होतं.

आता खंडूचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय.

खंडू माझा धाकटा भाऊ. होसकोटे रस्त्यावर एका मालकाची लॉऱ्यांची शेड होती, तिथं मेकॅनिक. हाताला गोड, तोंडाला तिखट. शेडच्या मेस्त्रीशी त्याचं जमत नव्हतं, हे सगळ्या शेडला ठाऊक. आयुधपूजेच्या दिवशी तिथं सगळ्या लॉऱ्या धुऊन, माळा घालून, पुढं कोहळे फोडायची पद्धत. इथं बूदगुंबळ म्हणतात. कोहळ्याला वर भोक पाडायचं, आत भरपूर कुंकू घालायचं, ओवाळायचं आणि चाकासमोर आपटायचं. लाल पाणी चहूकडं उडतं. फोडणाऱ्याच्या अंगावर तर उडतंच. त्या वर्षी फोडायचं काम खंडूकडं होतं. एक नाही, लॉरीगणिक एक.

त्याच संध्याकाळी त्याचं आणि मेस्त्रीचं भांडण झालं. बक्षिसीवरून का कशावरून, चारचौघांत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, मेस्त्री शेडमागं पडलेला सापडला. डोक्यात लोखंडी पाना घातलेला. पोलिसांनी खंडूला घरातून नेलं. दोरीवरचा त्याचा कामाचा शर्टही नेला.

कुणी मारलं ते आजही कुणाला माहीत नाही. खंडूनं मारलं नाही. हे मी 'असू शकेल' लावून लिहीत नाही.

शर्ट आमच्याकडंच येणार हे मला माहीत होतं, पण कधी ते नव्हतं. पट्टी त्या दिवशी टायपिस्टनं लावली होती. मी सशांचं आवरून धुतलेल्या काचा घेऊन आत गेलो तर साहेबांच्या टेबलावर शर्ट पसरलेला. खिशाला आईनं स्वतःच्या हिरव्या लुगड्याच्या काठाचं ठिगळ लावलं होतं. कात्री साहेबांच्या हातात. कुंकवाचा लाल रंग तेला-मळात मिसळून काळपट तपकिरी झाला होता.

मी म्हटलं, "साहेब, हा माझ्या भावाचा शर्ट."

साहेबांनी कात्री खाली ठेवली. चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या तोंडावरच मारलंय. "तू मला नाव सांगितलंस," म्हणाले.

"नाव कुठं सांगितलं? भाऊ म्हटलं. साहेब, ते रक्त नाही. आयुधपूजेला त्यानं..."

आणि साहेबांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

मोठा माणूस, पांढरा कोट, पायाला सायकलची क्लिप, आणि लहान पोर कडू औषध नको म्हणून उभं राहतं तसे कानांत बोटं घालून उभे. डोळेसुद्धा मिटलेले. मी ओरडून सांगितलं, "कोहळ्याचं पाणी आहे! कुंकू आहे! कोहळा फोडला त्यानं!" ते मान हलवत राहिले. मी गप्प झालो तेव्हा बोटं काढली.

"मी काही ऐकलेलं नाही," म्हणाले. "तू दया मागितलीस म्हणून मी कमी लिहिणार नाही, तू सांगितलंस म्हणून जास्तही लिहिणार नाही. हे होईपर्यंत तू या खोलीत यायचं नाही. सशांकडं जा."

"दुसऱ्या कुणाकडं तरी द्या मग हे काम."

"दुसरा आहे का इथं?"

नव्हता.

मी सशांकडं गेलो. त्या सशांचंही सांगायला पाहिजे. माणसाचं रक्त आणि जनावराचं रक्त वेगळं ओळखायचं औषध सशांच्या अंगात तयार करायची नवी विद्या साहेब आमच्याकडं आणत होते. रोज टोचायचे, बघायचे, टिपून ठेवायचे. पण ती विद्या अजून रांगत होती, ससे मरत होते. ती आधी जमली असती तर खंडू सुटला असता. मी त्या सशांना पाला घालत बसलो आणि एकेकाकडं बघत होतो.

शर्टाच्या डागावर कागद घासला, औषध टाकलं, कागद निळा झाला. मग साहेबांनी मायक्रोस्कोपखालची परीक्षा केली, रक्ताचे खडे दिसतात का ती. खडे दिसले नाहीत. पण जुन्या, मळक्या रक्ताचेही कधी कधी दिसत नाहीत, म्हणून त्याचा अर्थ काहीच नाही. आणि त्या खटपटीत डाग सगळा कापून संपला. हे मला कोर्टात कळलं.

खंडूला वकील सरकारनं दिलेला. त्याला मी कोहळ्याचं आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "अण्णा, तुझ्या साहेबांना मी विचारलं की कोहळ्यानं कागद निळा होतो का, आणि ते 'नाही' म्हणाले तर तुझा भाऊ तिथंच गेला. उत्तर माहीत नसलेला प्रश्न कोर्टात विचारत नाहीत."

"तुम्ही आधी जाऊन विचारा की."

"गेलो होतो. तो माणूस म्हणाला, जे काय ते कोर्टात विचारा."

साहेब साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. क्लिप पायाला. सरकारी वकिलानं विचारलं, "या डागाची रक्तासाठी परीक्षा केली का?" केली. "परीक्षेचा निकाल होकारार्थी आला का?" हो. "हा डाग रक्ताचा नाही, असं तुम्ही म्हणू शकता का?"

"नाही म्हणू शकत," साहेब म्हणाले.

मी मागच्या बाकावर होतो. आई शेजारी. मी मनात म्हणत होतो, आता म्हणा. तुमचं रोजचं म्हणा. चहाला म्हणता, चटणीला म्हणता, पोलिसाच्या बोटाला म्हणालात. आता एकदा म्हणा की 'असू शकेल'. म्हणजे नसूही शकेल. एवढा एकच शब्द. तो शब्द त्यांनी कोर्टात म्हटला नाही, कारण कुणी तसं विचारलं नाही. आमच्या वकिलानं उठून लाखेच्या शिक्क्याबद्दल दोन प्रश्न विचारले आणि बसला.

खंडूनं स्वतः सांगितलं की तो कोहळा होता. सरकारी वकील म्हणाला, "कोहळ्याला कधीपासून रक्त आलं?" लोक हसले. आईला कन्नड कळत होतं. लोक कशाला हसले ते तिलाही कळलं.

जन्मठेप झाली. पुढं अपील केलं, तेही फेटाळलं.

नोकरी मी सोडली नाही. का सोडू? ती साहेबांच्या बापाची नव्हती, सरकारची होती. आईला बघायचं होतं. पण त्या दिवसापासून मी साहेबांशी त्यांच्याच पद्धतीनं वागलो. विचारलं तेवढंच. "अटेंडर, बाहेर कुणी आहे का?" "आहे." कोण ते सांगत नसे. "चहा आणलास?" "आणला." कुठं ठेवला ते नाही. त्यांना कळत होतं. पण त्यांच्याच नियमात बसत होतं सगळं.

अपील फेटाळलं त्यानंतरच्या दसऱ्याला साहेब मला म्हणाले, "अटेंडर, सिटी मार्केटातून एक कोहळा घेऊन ये. कुंकूही आण."

मला आधी वाटलं, चेष्टा करतात. पण साहेब चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते. मी गेलो. मार्केटात कोहळ्यांचे ढीग लागले होते, चिकमगळूर का कुठून लॉऱ्या भरून आलेले. एक खांद्यावर घेऊन आलो आणि टेबलावर ठेवला. साहेबांनी चिरला, कुंकू कालवलं, जुन्या कापडावर ते पाणी शिंपडून वाळवलं. मग तो गोल कागद घासला. औषध टाकलं.

निळा झाला.

मी तिथंच उभा होतो. जा म्हणाले नाहीत. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. सगळे निळे. मग बटाटा मागितला, मुळा मागितला. तेही निळे, कमी-जास्त. पुढं कित्येक महिने त्या टेबलावर भाजीबाजार होता. शेवटी साहेबांना जे पाहिजे होतं ते सापडलं. वाळलेला डाग आधी चांगला शेकून घ्यायचा. भाजीपाल्याचा असेल तर शेकल्यावर त्याची ताकद मरते, कागद पांढरा राहतो. रक्ताचा असेल तर शेकल्यावरही निळा होतोच. एवढंच. भट्टीजवळ बसून स्वल्प वेळ शेकायचं काम. आमच्या घरी पापड शेकतात तसं.

साहेब त्या पांढऱ्या कागदाकडं बघत म्हणाले, "चांगलं निघालं."

मी तेव्हा त्यांच्याशी न विचारता बोललो. "मग कोर्टाला लिहा."

"काय लिहू?"

"शर्टावर कोहळा होता म्हणून."

"त्या शर्टावर काय होतं ते आता कळणार नाही. डाग संपला. मी या कोहळ्याबद्दल सांगू शकतो. आणि तेही कुणी विचारलं पाहिजे."

"साहेब, तेव्हाच एक कोहळा आणायला काय झालं होतं? दसरा नुकताच झाला होता. मार्केट भरलेलं होतं."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. म्हणाले, "मी ऐकलं नव्हतं तू काय म्हणालास ते."

"ऐकलं नव्हतं तर आज कोहळाच कसा आणायला सांगितला?"

याला त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना कुणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मग त्या शोधाचं कौतुक झालं. बाहेरच्या राज्यांतले तपासनीस शिकायला यायचे. साहेब त्यांना आधी कोहळा दाखवायचे, मग शेकायचे, मग पांढरा कागद. मी त्यांना कॉफी द्यायचो. एकानं विचारलं, "सर, कोहळ्याचंच कसं सुचलं?" साहेब म्हणाले, "एक केस होती." नंबर सांगितला. नाव नाही. ते पट्टीखालीच राहिलं. शेकून घ्यायची ती रीत पुढं आमच्याकडं कायमची झाली, तिच्यामुळं काही लोक सुटलेही असतील. मला त्या सुटलेल्यांचा राग नाही. पण त्यांच्यासाठी माझ्या भावानं किती दसरे आत काढले ते मला कुणी सांगू नये.

आई त्यानंतर लग्नाच्या पंगतीत मज्जिगे हुळी आली की पानावरून हात आडवा धरायची. कोहळ्याची फोड तिनं परत तोंडात घातली नाही. खंडू सुटायच्या आधीच ती गेली.

खंडू सुटून आला तेव्हा त्याच्या तोंडातला तिखटपणा गेला होता. शेडमध्ये परत गेला नाही. घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे स्टोव्ह दुरुस्त करायचा. पिना घालणं, वॉशर बदलणं. आयुधपूजेला गल्लीत कोहळे फुटायला लागले की उठून दार लावून घ्यायचा. साहेबही तोवर रिटायर झाले होते.

एका दुपारी दारात सायकल थांबली. बघतो तर साहेब. केस पांढरे, कोट नाही, क्लिप तीच. मी उंबऱ्यात उभा राहिलो. बाजूला झालो नाही.

"खंडोजीराव आहेत का घरात?" साहेब म्हणाले.

त्यांच्या तोंडून मी कुणाचंही नाव ऐकलं ते एवढंच. आणि ते खंडूचं, पूर्ण, रावसकट.

"आहे," मी म्हटलं.

पुढं काही बोललो नाही. साहेब उन्हात उभे. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

"मला एक प्रश्न विचारायला सांग त्यांना," साहेब म्हणाले. "नाहीतर तू विचार. कोर्टात कुणी विचारला नाही तो. तो डाग दुसऱ्या कशाचा असू शकला असता का, एवढंच विचार. मी उत्तर देतो. इथं देतो. गल्लीतल्या चार लोकांना बोलाव, त्यांच्यासमोर देतो. म्हणशील त्याच्यासमोर देतो."

"तुम्हीच सांगा की. कुणी अडवलंय?"

"न विचारता येत नाही रे मला." हे ते असं बोलले की मला क्षणभर वाटलं, खाली बसतील. "आयुष्यभर नाही आलं. विचार की."

"साहेब," मी म्हटलं, "मी सांगत होतो तेव्हा तुमची बोटं कानांत होती."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी हलवली होती तशी नाही, वेगळी. पण गेले नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. प्रश्न सोपा होता, माझ्या जिभेवर होता. मी विचारला नाही. आजही विचारला नसता.

आत पंपाचा आवाज थांबला. "कोण आलंय अण्णा?" खंडूनं विचारलं.

साहेबांनी ऐकलं. मान वर केली. मी नाव सांगीन असं त्यांना वाटलं की काय, कोण जाणे.

"माणूस असू शकेल," मी म्हटलं, आणि दार लोटलं.